नऊची उपासना

आज सकाळी चर्चमध्ये अर्पण गोळा झाल्यावर जाहिराती, म्हणजे मंडळीच्या सूचना, वाचल्या गेल्या आणि त्यांतली तिसरी जाहिरात ऐकल्यापासून माझे मन ठिकाणावर नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारापासून आमच्या मंडळीची मराठी उपासना सकाळी नऊऐवजी दुपारी चार वाजता होणार आणि नऊची वेळ इंग्रजी उपासनेला दिली जाणार, असे कमिटीने ठरवले आहे. आधी कोणाला विचारले नाही, सभा बोलावली नाही. "सर्वांनी नोंद घ्यावी" एवढे म्हणून पुढचे गीत सुरू झाले. मुलीला मांडीवर घेऊन बसलेला माझा नवरा हळूच म्हणाला, "चारला मी मशीनवर असेन."

ज्यांना आमचा आठवडा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तो भोसरीच्या एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला असतो. दुपारी तीनला आत जातो आणि रात्री साडेअकराला सुटतो. भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि माझ्या ऑफिसला रविवारी, त्यामुळे नाताळासारखे एक-दोन सण सोडले तर आम्हां दोघांना सबंध दिवस असा एकत्र मिळतच नाही. मी साडेआठला घर सोडते तेव्हा तो नुकता उठून मुलीचे दूध गरम करत असतो आणि तो परततो तेव्हा ती झोपून दोन-तीन तास झालेले असतात. रात्री बारा-सव्वाबाराला भांडी आवरून आम्ही स्वयंपाकघरातच जमिनीवर बसतो, एक उतारा वाचतो आणि प्रार्थना करतो. कित्येकदा वाचता वाचता त्याची मान खाली जाते आणि उरलेली वचने मी वाचून पूर्ण करते. आमची कुटुंबप्रार्थना ती एवढीच. म्हणून रविवारी सकाळी नऊ ते साडेदहा या दीड तासाची आम्ही आठवडाभर वाट पाहतो, कारण तेवढाच वेळ आम्ही तिघे एका बाकावर, जागे आणि स्वच्छ कपड्यांत, देवापुढे बसलेले असतो. हा दीड तास कमिटीने एका ओळीत काढून घेतला आहे.

उपासना सुटल्यावर फाटकाशी मी हे सगळे एका जबाबदार व्यक्तीला शांतपणे सांगितले. उत्तर मिळाले, "मराठीवाल्यांना कोणतीही वेळ चालते." आणि वर सल्लाही मिळाला की तुम्ही दोघे शिकलेले आहात, मुलगी लहान आहे, तिला आतापासून इंग्रजी उपासनेलाच आणा, तिच्या भवितव्याला ते बरे पडेल.

मराठीवाले म्हणजे कोण? पाळ्यांमध्ये काम करणारे, दुसऱ्यांची घरे सांभाळणाऱ्या बाया, नगर आणि जालन्याकडून पोट भरायला आलेली कुटुंबे, ज्यांच्या दशमांशावर, म्हणजे कमाईतून देवाला दिलेल्या दहाव्या हिश्श्यावर, या मंडळीचे छप्पर दोनदा बदलले गेले, ती माणसे. त्यांना कोणतीही वेळ चालते असे नाही. त्यांना आजवर कोणी वेळ विचारलीच नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

मी स्वतः मराठी उपासनेत वाढलेली नाही. माझे माहेर मुंबईचे, शाळा कॉन्व्हेंटची आणि चर्चही इंग्रजी. घरात मराठी बोलत असू, पण देवाशी बोलायची भाषा वेगळी, असेच मला लहानपणापासून वाटत आले होते. जानेवारी 2020 मध्ये आमचे लग्न झाले, आम्ही भोसरीत एका खोलीत संसार मांडला आणि दोन महिन्यांत सगळे बंद झाले. चर्चचे दार लागले. नवऱ्याचा कारखाना थांबला आणि ठेकेदाराने एप्रिलचा पगार दिला नाही. सासूबाईंनी लग्नाच्या वेळी गावाहून ज्वारीचे एक पोते दिले होते, त्यावर आमचे घर चालले. भाकरी तो करी, कारण मला येत नव्हत्या. आजीच्या हाताखाली तो शिकला होता. परातीत पीठ मळून, तळव्याने गोल गोल थापून, तव्यावर टाकताच वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, मग थेट विस्तवावर धरायची, की भाकरी टम्म फुगते आणि कडेने वाफ निघते. पहिली भाकरी फुगली की तो मोठ्याने प्रभूची प्रार्थना म्हणायला लागे. लहानपणापासून मी ती प्रार्थना इंग्रजीतच म्हणत आले होते. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" हे शब्द त्याच्या तोंडून, पिठाने माखलेल्या हातांकडे पाहत ऐकले, तेव्हा मला प्रथमच कळले की मी आजवर नेमके काय मागत होते.

त्या वर्षीचा पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, 12 एप्रिलला आला. मंडळीची पहाटेची उपासना नाही, प्रभातफेरी नाही. हा पहाटे पाचला उठला, आंघोळ केली, लग्नातला सदरा घातला आणि गीतांचे पुस्तक उघडून ख्रिस्ती पाळक आणि कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे एक भजन म्हणू लागला. पेटी नव्हती, तबला नव्हता. दुसऱ्या कडव्याला आमच्या भिंतीच्या पलीकडून टाळ वाजल्याचा आवाज आला. शेजारच्या मावशी दरवर्षी आळंदीहून पंढरपूरला पायी जाणाऱ्या. त्यांनी खुंटीवरचे टाळ काढून आमच्या भजनाला ठेका धरला होता. शेवटच्या कडव्यापर्यंत तो ठेका चुकला नाही.

मला सांगा, मी त्या दिवशी इंग्रजी गीत गायले असते, तर त्या भिंतीपलीकडे काय पोहोचले असते?

इंग्रजी उपासना नको, असे माझे म्हणणे नाही. पुण्यात ईशान्येकडून आणि दक्षिणेतून शिकायला आलेली मुले आहेत, त्यांना आपल्या मंडळीत जागा हवीच. आणि मराठी उपासनेला अलीकडे मागची बाके रिकामी असतात, तीच वीस-पंचवीस गीते फिरून फिरून येतात, हेही खरे आहे. पण बाके रिकामी आहेत म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पडवीत हलवायचे, ही कोणती रीत झाली? आणि ती बाके रिकामी कोणी केली? आपणच, माझ्या वयाच्या जोडप्यांनी केली. लग्न झाले, पगार बरा झाला, मूल इंग्रजी शाळेत घातले, की पहिल्यांदा सुटते ती मराठी उपासना. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी हेच केले आहे, आणि ते ही पोस्ट वाचत आहेत हे मला ठाऊक आहे.

ज्या भाषेची आपल्याला लाज वाटते, ती इंग्लंडहून आलेल्या एका माणसाला वाटली नाही. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले, मराठी शिकले आणि ख्रिस्ताचे चरित्र त्यांनी दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांत गायले. ते 1616 मध्ये छापले गेले. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, सोप्या मराठीत आणले, कारण साध्यासुध्या बायकांना ते वाचता यावे अशी त्यांची तळमळ होती; 1922 मध्ये त्या गेल्या, तोवर त्या याच कामाला जुंपलेल्या होत्या. केडगाव आपल्यापासून किती दूर आहे? दौंडची लोकल धरली की त्या स्टेशनावरून जाते. आणि अहमदनगरात 1842 मध्ये सुरू झालेले आपले ज्ञानोदय मासिक कमिटीतल्या कितीजणांच्या घरात आजही येते, ते त्यांनीच सांगावे.

माझ्या नवऱ्याचे पूर्वज नेवाशाकडचे, गावकुसाबाहेर राहणारे. देवळाची पायरी त्यांना बंद होती आणि शाळेत बसायला मिळाले तर बाहेर, ओसरीवर. ज्या दिवशी ते प्रथम छपराखाली सर्वांच्या बरोबरीने बसले आणि देवाला "बापा" म्हणाले, त्या दिवशी ते मराठीत म्हणाले. त्यांच्या पाचव्या पिढीतल्या मुलाला आज कोणीतरी फाटकाशी उभे राहून सांगते की तुम्हांला कोणतीही वेळ चालते. हे लिहिताना माझा हात थरथरतो आहे. मी फार मोठ्या आवाजात बोलते आहे असे वाटले, तर वाटू द्या.

त्या पहाटेचे पुढचे सांगायचे राहिले. उजाडल्यावर मावशी तोंडाला पदर लावून गॅलरीत आल्या आणि लांबूनच विचारू लागल्या, "बाळा, कुणाचा रे अभंग हा? तुकोबांचा तर नव्हे." नवरा म्हणाला, "टिळकांचा. ते आमचे पाळक होते. तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत." मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग बरोबर आहे. चाल ओळखीची वाटली." त्या वर्षी वारी झाली नाही, पादुका बसने पंढरपूरला गेल्या. 1 जुलैला आषाढी एकादशीच्या संध्याकाळी मावशी गॅलरीतल्या पाटावर एकट्याच बसल्या होत्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरी होत्या. त्यांनी याला हाक मारून सांगितले, "ते तुमचे म्हण." त्याने म्हटले. मी दारात उभी होते आणि त्या दिवशी प्रथमच मीही त्याच्याबरोबर म्हटले, अडखळत, पुस्तकात पाहून.

आज माझी मुलगी तीन वर्षांची आहे. आम्ही कामावर असताना संध्याकाळी ती मावशींकडेच असते. जेवायला बसली की हात जोडून "देवबापा, भाकरीबद्दल उपकार" म्हणते, आणि मावशी तिच्यासाठी थांबतात, ती म्हणून झाली की मगच ताटाला हात लावतात. तिला इंग्रजी येईल, शाळेत शिकवतीलच. त्यासाठी मला रविवारची सकाळ खर्च करायची नाही. तिच्या बापाशेजारी बसून, त्याच्या बोटाने दाखवलेली गीताची ओळ तिने वाचायला शिकावे, एवढेच मला हवे आहे, आणि चार वाजता तिचा बाप तिथे नसेल.

दुपारी जरा राग शांत झाल्यावर मला असेही वाटले की कमिटीतली माणसे वाईट नाहीत. त्यांच्यातल्याच एका काकांनी आमच्या लग्नात मंडप बांधायला मदत केली होती. पाळ्यांचे गणित त्यांच्या डोळ्यांसमोर आलेच नसेल, कारण त्यांच्या घरी आता कोणी पाळीला जात नाही. म्हणून भांडण न करता मी अर्ज लिहिला आहे. मराठी उपासना नऊला ठेवावी आणि इंग्रजी उपासना अकराला घ्यावी, सभागृह त्या वेळी मोकळेच असते, एवढीच त्यात मागणी आहे. वेळ बदलण्यापूर्वी सर्वसाधारण सभा बोलवावी, असेही खाली जोडले आहे. संध्याकाळपर्यंत आमच्या चाळीतल्या आणि पलीकडच्या गल्लीतल्या अकरा कुटुंबांनी सह्या केल्या. मावशींनीही पेन मागितले. मंडळीच्या यादीत नाव असेल तरच सही धरतात, हे त्यांना सांगताना मला फार जड गेले.

अर्ज माझ्याकडे आहे. बुधवारच्या प्रार्थनेला मी साडेसहाला पोहोचते, सही करायची असेल त्यांनी तिथे भेटावे. ज्यांची पाळी आडवी येते त्यांनी गुरुवारी दिवसभरात केव्हाही घरी यावे. त्या दिवशी हा घरी असतो, आणि दुपारी आलात तर भाकरी गरम मिळेल.