केंटकीतला रॅम्प आणि मारुती चौकातला गाळ

सॅमच्या भाचीचा फोटो फिरत फिरत बापूच्या हातात गेला आणि तिथंच विषय पेटला. फोटोत सोळा वर्षांची पोरगी, डोळ्यांवर प्लास्टिकचा चष्मा, हातात ड्रिल मशीन, मागं अर्धा झालेला लाकडी उतार. चर्चच्या पोरापोरींबरोबर ती आठवडाभर अमेरिकेतल्या केंटकीत गरिबांची घरं दुरुस्त करायला गेलीय, असं सॅम कौतुकानं सांगत होता. बापूनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. पोरीकडं बघितलंच नाही, मागच्या फळ्या बघितल्या.

"फळ्या सरळ मारल्यात की," म्हणाला. मग, "हजेरी किती पडते हिला?"

"हजेरी कसली? उलट हिनंच पैसे भरलेत."

त्यानंतर सांगलीतल्या आमच्या कट्ट्यावर दुसरा विषय निघाला नाही. बापू गवंडीकामातला जुना मिस्त्री. सॅम मिरजेचा, विम्याचं काम करतो, बहीण ओहायोत. जोशी सर कॉलेजात एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, बघायचे, आता निवृत्त. आणि अजित हळदीच्या अडतीतला, त्याला देवळात गेला तरी आधी दानपेटीचा हिशेब सुचतो.

त्यानं लगेच मांडणी केली. पोरांची फी, गाड्यांचं पेट्रोल, आठवडाभराचं जेवण. "एवढ्या पैशात तिथलेच दोन सुतार महिनाभर लावले असते. काम पक्कं झालं असतं आणि सुतारांच्या घरात चूल पेटली असती. ही सेवा नव्हे, सहल आहे. वर फोटो."

सॅम म्हणाला, "सुतारासाठी पैसे कोण देतंय? पोरगी जाणार म्हणून बापानं चेक फाडला. पोरांनी चर्चच्या आवारात लोकांच्या गाड्या धुऊन वर्गणी जमवली. त्यातनंच तर लाकूड आणि पत्रे येतात."

हा मुद्दा अजितला वाटला त्यापेक्षा वजनदार आहे. आपल्याकडं मंडळाची वर्गणी ढोल दिसल्यावरच सुटते. नुसतं 'गरजूंना द्या' म्हटलं की शेजाऱ्याच्या दाराला कडी लागते. पोरं गेली नसती तर ते पैसे सुताराकडं गेले असते, हे गृहीतच चुकीचं.

मग अजितनं अपेक्षित खडा टाकलाच. "आणि बदल्यात काय? आमच्या चर्चला या?"

सॅम तापला. "अरे, ज्याच्या घराला हा उतार करतायत तो म्हातारा जन्माचा बॅप्टिस्ट! भाची जाते मेथॉडिस्टांबरोबर. त्याला बाटवून करणार काय, ख्रिश्चन? आणि तुझा जन्म कुठला रे? मिरजेचं मिशन हॉस्पिटल ना? 1894 ला सुरू झालेलं. ते उभं करणाऱ्या डॉक्टर वानलेसनी बरं करून घरी पाठवलेल्यांची नातवंडं आज गणपतीपुढं नाचतात."

यावर अजितकडं उत्तर नव्हतं, म्हणून त्यानं चहा सांगितला. मला विचाराल तर प्रश्न सगळ्याच ठिकाणी फालतू नसतो. मदतीला अट चिकटलेली आहे का, हे बघावंच. पण ते बघायचं घरमालकाला विचारून, लांब सांगलीत कट्ट्यावर बसून नव्हे.

सॅमनं मग भाचीकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. केंटकी, टेनेसी, वेस्ट व्हर्जिनिया हा डोंगरी पट्टा, कोळशाच्या खाणींचा. खाणी बंद पडत गेल्या, माणसं मागं राहिली, घरं गळायला लागली. 1969 मध्ये ग्लेन इव्हान्स नावाच्या मेथॉडिस्ट पाद्रीनं बार्बरव्हिल गावात पन्नासेक माणसं आणली, त्यात बरीचशी पोरं, आणि त्या उन्हाळ्यात चार घरं दुरुस्त केली. तिथनं अ‍ॅपलाचिया सर्व्हिस प्रोजेक्ट उभा राहिला. त्यांचं म्हणणं एवढंच, की घर थोडं उबदार, थोडं सुरक्षित, थोडं कोरडं व्हावं. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा रिकाम्या असतात, पोरं तिथं वर्गात झोपतात. पाच-सात पोरं, सोबत मोठी माणसं, एक घर.

"1969?" सर सावरून बसले. "आमची एनएसएससुद्धा 1969 चीच. 24 सप्टेंबर, गांधीजींच्या जन्मशताब्दीचं वर्ष. दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर."

"आणि सात दिवस काय करायचा, सर?" बापूनं सरळ विचारलं. "आमच्या गावात आलती तुमची पोरं. शोषखड्डा काढला, देवळापुढं झाडलं, रात्री पथनाट्य. घर एकाचं तरी नीट केलं?"

सर म्हणाले, घराला हात लावायला भीती वाटते. पोरगं शिडीवरून पडलं तर पालक कॉलेजात येऊन उभे राहतात.

बापूचं म्हणणं वेगळंच निघालं आणि मला ते सगळ्यात पटलं. "तिकडं पोरांना जमतं, कारण घरंच लाकडाची. फळी चुकली तर स्क्रू काढा, दुसरी मारा. इथं गिलावा चुकला की छिन्नी-हातोडा घेऊन सगळं उतरवायचं. माल वाया, दिवस वाया, वर मालकाच्या शिव्या. ओळंबा धरायला मला दोन वर्षं लागली." मग परत फोटोकडं वळला. "हा उतार एवढा लांब कशाला?"

सॅमनं भाचीला व्हॉइस मेसेज टाकला. तिकडं सकाळ होती, चहा संपेपर्यंत उत्तर आलं. व्हीलचेअर ढकलायची तर एक इंच उंचीला बारा इंच लांबी हवी, असा नियम आहे. म्हाताऱ्याच्या दाराची उंची एकवीस इंच, म्हणून रॅम्प एकवीस फूट. खाणीच्या धुळीनं त्याची फुप्फुसं गेलीत, पायऱ्या चढवत नाहीत. माप आधीच काढलेलं होतं, लाकूडही आणून ठेवलेलं.

"कोणी काढलं माप?" बापू.

संस्थेच्या माणसानं. पोरं येण्याआधी तो घरं बघून जातो, काय करायचं ते ठरवतो. या आठवड्यात उरलेलं काम पुढच्या आठवड्याची पोरं पुढं नेतात.

"मग झालं की. पोरं हातच आहेत नुसती. डोकं तिथंच राहतंय."

इथं सगळ्यांना एकदम 2019 चा महापूर आठवला. न आठवून कसं चालेल? आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, कृष्णा गेली 57 च्या वर. पाणी ओसरल्यावर मारुती चौकात गाळ, दुकानांत गाळ, आणि गावोगावची पोरं ट्रकनं उतरलेली. त्यांनी केलं ते कमी नव्हतं. गाळ ओला आहे तोवरच निघतो, वाळला की खोऱ्याला दाद देत नाही, आणि तेवढ्या चार दिवसांत घमेली उचलायला कोवळे खांदेच लागतात. तिथं कसब नको, माणसं हवीत. अजितच्या गोदामातला गाळ कोल्हापूरकडच्या अनोळखी पोरांनी काढला. हे त्यानंच कबूल केलं, जरा नाइलाजानं.

"पण नंतर?" बापू म्हणाला. "नदीकाठच्या आमच्या आळीत पंधरा दिवसांनी एक गट आला, रंगाचे डबे घेऊन. भिंती आतनं ओल्या होत्या. मी सांगितलं, दिवाळीपर्यंत वाळू द्या, मग रंग काढा. त्यांना रविवारी परत जायचं होतं. गुलाबी रंग मारला, फोटो काढला, गेले. महिन्यात खार फुटला आणि पोपडे गळायला लागले. ते खरवडून भिंत उघडी करायला मला दिवस मोडावा लागला, आणि त्या बाईकडं पैसे कुठनं मागणार?"

त्या पोरांची दानत वाईट नव्हती. भिंत बघून 'आज नको' म्हणणारा माणूस त्यांच्याबरोबर नव्हता, आणि दिवाळीनंतर फेरी मारणारा कोणीच नव्हता. 2021 ला पाणी परत आलं तेव्हा गाळ काढायला परत पोरं आली, वाळलेल्या भिंती बघायला परत कोणी नाही. केंटकीतल्या रॅम्पचं मला कौतुक वाटतं ते पोरीच्या त्यागाचं कमी. माप काढून जाणारा माणूस तिथं नेमलेला आहे, त्याचं जास्त.

सॅमला हे आवडलं नाही. त्याला भाचीचं कौतुक हवं होतं. "सोळाव्या वर्षी सुट्टी सोडून कोण राबतंय?" म्हणाला.

आणि बापू पहिल्यांदा चिडला. "मी चौदाव्या वर्षी माल कालवत होतो. माझा फोटो कुणी काढला? गरिबाचं पोरगं घमेलं उचलतं तेव्हा ते पोट असतं. साहेबाचं उचलतं तेव्हा सेवा."

कट्टा गप्प. सरांनी कर्मवीर अण्णांना मध्ये आणलं. 1919 ला काल्यात त्यांची रयत शिक्षण संस्था सुरू झाली, पुढं साताऱ्याच्या वसतिगृहात पोरं स्वतः राबून शिकली, कमवा आणि शिका. तिथं राबणारा आणि लाभ घेणारा एकच होता, कोणी कोणावर उपकार केला नाही. मुद्दा चांगला होता, पण बापूच्या बोलण्यावर उत्तर नव्हता. सॅमच शेवटी म्हणाला, "मग आमच्या पोरीनं घरात एसी लावून बसावं का?"

"तसं कुठं म्हणतोय," बापू निवळला. "येऊ दे की. सर, तुमच्या कॉलेजातली पोरं आणा. पण डिसेंबरात नको, पाऊस लागायच्या आधी, मे महिन्यात. कौलं फिरवायची, पत्र्याचे हूक बदलायचे, म्हातारीच्या दाराला सिमेंटचा उतार. घरं मी आधी फिरून बघतो. शिडीवर माझी माणसं चढतील, पोरं खालनं माल देतील. मात्र माझी आणि दोन गड्यांची हजेरी पाहिजे. फुकट नाही."

सर विचारात पडले. मे महिन्यात परीक्षा असतात म्हणाले. शिवाय शिबिराच्या पैशात मिस्त्रीची हजेरी दाखवायची कुठं, ऑडिटवाला विचारील.

"पोरांच्या टोप्या आणि बॅनर दाखवता तिथंच," अजित म्हणाला, आणि कागद मागून तीन माणसांच्या आठ दिवसांचा हिशेब मांडायला लागला.