युनोवाले येतात म्हणजे नेमकं काय करतात?

आज सकाळी गल्लीच्या ग्रुपवर एका मामांचा मेसेज: "बाहेरचे लोक येऊन आपल्या जवानायची चौकशी करायलेत, अन् आपण नुसतं बघत बसायचं का?" खाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं. मामांवर राग नाही, अंगठेवाल्यांवर आहे. त्यातले निम्मे तरी वकिली करतात.

मामा, बाहेरचं कुणी छावणीत घुसत नाही, घुसूच शकत नाही. बेकायदा हत्यांच्या तक्रारी बघायला संयुक्त राष्ट्रांचा १९८२ पासून एक विशेष प्रतिवेदक असतो, म्हणजे चौकशी करून अहवाल देणारा स्वतंत्र तज्ज्ञ. बिनपगारी. त्याच्याकडे ना पोलीस, ना समन्स. मेलेल्याचं नाव, तारीख, जागा, कुठल्या दलावर आरोप आणि घरच्यांची संमती एवढं पोचलं, की तो सरकारला पत्र लिहितो. ६० दिवस वाट बघतो. मग पत्र आणि आलंच तर उत्तर, दोन्ही जगजाहीर होतात. देशात पाय ठेवायचा तर आपल्याच सरकारचं निमंत्रण लागतं. मार्च २०१२ मध्ये तेव्हाचे प्रतिवेदक क्रिस्टोफ हाइन्स आले ते तसेच आले, 'अफस्पा' म्हणजे सैन्याला विशेषाधिकार देणारा कायदा रद्द करा असं सांगून गेले. झाला का रद्द? एवढीच ती भयंकर चौकशी!

बरं, नागरी हक्कांचा करार आपण १९७९ मध्ये मान्य केला, पण नागरिकाला थेट संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे तक्रार करता यावी म्हणून जो जोडकरार आहे, तो नाही केला. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचेही आपण सदस्य नाही. मग घाबरायचं कुणाला?

खरी देखरेख असते मृत्यूनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत, आणि तीही आपल्याच शवागारात. त्यासाठी मिनेसोटा प्रोटोकॉल आहे, म्हणजे संशयास्पद मृत्यूच्या तपासाची संयुक्त राष्ट्रांची नियमावली, १९९१ ची, २०१६ मध्ये सुधारलेली. कपडे उतरवण्याआधी फोटो, मोजपट्टी ठेवून. मग सगळ्या अंगाचा एक्स-रे, म्हणजे अडकलेली गोळी सुटत नाही. कपडे सावलीत वाळवून कागदी पिशवीत. प्लास्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते, रक्ताचा नमुना वाया जातो. अगदी जवळून गोळी झाडली तर काजळी आणि न जळालेल्या दारूचे कण बसतात, पण अंगात शर्ट असेल तर ते बसतात शर्टावर. कातडीवरची जखम मग लांबून लागल्यासारखी दिसते. शर्ट 'हरवला' की समोरासमोरची चकमक आणि धरून मारणं, यातला फरकच पुसला गेला. उघड्या लोखंडी चिमट्याने गोळी उपसली तर तिच्यावर उमटलेल्या बंदुकीच्या नळीच्या खुणांवर ओरखडे पडतात, ती कुणाच्या रायफलीची हे सांगणं अवघड. तळपायावरचा मार तर वरून कळतच नाही, चिरून बघावा लागतो.

यातलं काय काय बिघडतं ते काश्मीरमधल्या पथरीबलला बघा. मार्च २००० मध्ये तिथे लष्कराने पाच जणांना अतिरेकी म्हणून मारलं. मृतदेह उकरून डीएनएचे नमुने पाठवले, तर नमुन्यांचीच अदलाबदल झालेली. कुणाच्या हातातून काय गेलं याची सलग नोंद ठेवतात ती यासाठीच. सीबीआयने आरोपपत्र दाखल केलं, सर्वोच्च न्यायालयाने लष्कराला निवड करू दिली, लष्कराने प्रकरण स्वतःकडे घेतलं आणि जानेवारी २०१४ मध्ये पुरेसा पुरावा नाही म्हणून बंद केलं.

मान्य, आरोप म्हणजे पुरावा नव्हे. हेही मान्य की २०२० मध्ये काश्मीरमधल्या अमशीपोऱ्यात तीन मजुरांना अतिरेकी म्हणून मारलं, त्या प्रकरणात लष्करानेच आपल्या कॅप्टनचं कोर्ट मार्शल केलं, जन्मठेप सुनावली (पुढे सैन्यदलांच्या न्यायाधिकरणाने ती स्थगित केली, ते सोडा). पण मणिपूरच्या १,५२८ मृत्यूंची यादी सर्वोच्च न्यायालयात गेली, न्यायालयाने नेमलेल्या हेगडे आयोगाने त्यातली सहा प्रकरणं तपासली, आणि सहापैकी एकही चकमक खरी निघाली नाही. आयोगातला एकही माणूस बाहेरचा नव्हता, मामा!

आणि निदान मराठवाड्याने तरी असं बोलू नये. सतरा सप्टेंबरला आपण झेंडा लावतो, लावलाच पाहिजे. रझाकारांनी काय केलं ते घराघरांत ठाऊक आहे. पण १९४८ मध्ये निजामाची तक्रार सुरक्षा परिषदेत १६ तारखेला चर्चेला आली, दुसऱ्याच दिवशी शरणागती, आणि बाहेरून बघायला कुणी आलंच नाही. नेहरूंनी पाठवलेले पंडित सुंदरलाल आणि त्यांचे सहकारी तेवढे उस्मानाबाद, नांदेड, बीदर फिरले. पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतर संस्थानभरात २७ ते ४० हजार माणसं, बहुतेक मुसलमान, मारली गेली असा त्यांचा अंदाज. टोळ्यांनी मारली, आणि काही ठिकाणी सैनिकांनीही गावातले पुरुष बाहेर काढून मारले, असं त्यांनी लिहून ठेवलं. अहवाल कित्येक दशकं कपाटात राहिला. आपल्या आजोबांच्या पिढीतल्या माणसांचा साधा आकडासुद्धा अंदाजाने सांगावा लागतो, याचं वाईट वाटतं.

आता वकील मित्रांसाठी. मानवाधिकार आयोग पोलिसांच्या मागे स्वतःची तपास टीम लावू शकतो, सैन्याच्या नाही. १९९३ च्या मानवाधिकार संरक्षण कायद्याचं कलम १९ वाचा. केंद्राकडून अहवाल मागवायचा आणि शिफारस करायची, बस. म्हणून सगळा भार शवविच्छेदनावर. परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशीच्या कोठडीतल्या मृत्यूचंच (डिसेंबर २०२४) बघा, अनेक जखमांमुळे धक्का बसून मृत्यू असं शवविच्छेदनात आलं, म्हणून प्रकरण उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे टिकलं. तेव्हा पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या: व्हिडिओ चित्रीकरण, आधी एक्स-रे, कपडे सीलबंद, घरच्यांचा प्रतिनिधी हजर, अहवालाची प्रत. आणि पोचेवर शिक्क्यासोबत वेळही लिहून घ्या. नुसती तारीख चालत नाही, अर्ज शवविच्छेदनाआधी दिला की नंतर, यावरच पुढे सगळी भांडणं होतात.