हिरव्या वॉलपेपरची अर्धीमुर्धी गोष्ट

‘व्हिक्टोरियन काळातील हिरव्या वॉलपेपरमध्ये सोमल (आर्सेनिक) होता, त्याच्या वायूने माणसे झोपेत मरत, कुणालाच त्याची कल्पना नव्हती, नेपोलियनही त्यानेच गेला आणि वॉलपेपरच्या रचना करणारा इंग्रज कलाकार विल्यम मॉरिस हे विष जाणूनबुजून विकत होता’ असा मजकूर वारंवार फिरत असतो. यातील सोमल खरा आहे, आणि तेवढ्या एका खऱ्या गोष्टीच्या आधारावर बाकीचे सगळे खपून जाते.

नेपोलियन 1821 मध्ये वारला आणि ब्रिटनची राणी व्हिक्टोरिया 1837 मध्ये गादीवर आली, त्यामुळे तो मुद्दा या काळाचा नाहीच. शिवाय त्याच्या शवविच्छेदनात दोष आढळला होता तो जठरात.

कुणाला कल्पना नव्हती, हे तर साफ चूक आहे. शेले या रसायनतज्ज्ञाने 1775 मध्ये तांबे आणि सोमल यांपासून हा हिरवा रंग तयार केला, तेव्हापासून त्यात काय आहे हे रंग बनवणाऱ्यांना ठाऊक होते; आणि 1839 मध्येच लिओपोल्ड ग्मेलिन या जर्मन रसायनतज्ज्ञाने ओलसर खोल्यांतील अशा कागदांबद्दल वृत्तपत्रातून जाहीर इशारा दिला होता. तरीही मागणी वाढतच गेली, कारण वॉलपेपरवरचा कर 1836 मध्ये उठला, यंत्रछपाई आली आणि ब्रिटनमधील उत्पादन 1834 मधील सुमारे 12 लाख गुंडाळ्यांवरून 1874 पर्यंत सुमारे 3 कोटी 20 लाखांवर गेले. ब्रिटिश संसदेने मात्र अशा वॉलपेपरवर कधीच बंदी घातली नाही. माहिती असूनही कायदा झाला नाही, ही खरी गंभीर बाब या मजकुरात येतच नाही.

वायूचा मुद्दा नीट पाहण्याजोगा आहे. बार्तोलोमेओ गोसिओ यांनी 1890 च्या दशकात दाखवले की ओलीत वाढणारी बुरशी या रंगापासून लसणाच्या वासाचा वायू तयार करते. पुढे तो ट्रायमिथाइलआर्सिन हा सोमलयुक्त वायू असल्याचे ठरले. पण 2005 मध्ये कलन आणि बेंटली या संशोधकांनी जुने पुरावे तपासून हा वायू समजला जातो तितका घातक नाही, असे मांडले. धोका होता, तो अधिक साध्या वाटेने. सरसात कालवलेला रंग लाकडी ठशाने कागदावर उमटवला की त्याचा जाडसर थर वरच बसतो, बोटाला तो उंचवट्यासारखा लागतो. सरस वाळून ठिसूळ झाला की त्याचे पोपडे सुटतात, आणि झाडताना, पुसताना, मुलांचे हात लागताना ती भुकटी हवेत आणि तोंडात जाते.

उरला मॉरिस. गुलाबाच्या वेलींची जाळी असलेल्या त्याच्या ‘ट्रेलिस’ या 1862 च्या रचनेतील हिरव्या रंगात सोमल सापडला आहे, ज्या खाणीतून सोमलही निघत असे त्या डेव्हन ग्रेट कॉन्सोल्सचा तो 1871 ते 1875 संचालक होता, आणि 1885 मधील एका पत्रात त्याने डॉक्टरांच्या इशाऱ्यांची खिल्ली उडवली. त्याला मी निर्दोष म्हणणार नाही. पण त्या पत्रातून दिसतो तो धोक्यावर विश्वासच न ठेवणारा माणूस, आणि त्याला ठरवून विष विकणारा म्हणणे म्हणजे त्याच पत्राचा उलटा अर्थ लावणे होय. शिवाय विष होते ते रंगद्रव्यात. तीच वेल, तीच पाने सोमलाविना छापता येत होती, आणि छापलीही गेली.