अर्धा तास सलग वाचन? आमच्याकडे उलटंच झालं

लक्ष न टिकणाऱ्या मुलांच्या वाचनावरचा तुमचा लेख वाचला. त्यातलं बाकी सगळं पटलं, पण लक्ष न टिकणाऱ्या मुलाकडून रोज अर्धा तास सलग मोठ्याने वाचून घ्या, हा सल्ला नाही पटला. माझ्या मुलावर आम्ही तो वर्षभर करून पाहिला. फळ एकच, पुस्तक दिसलं की पोटात दुखायचं!

मुळात चंचलपणामुळे वाचन अडतंय की अक्षर आणि आवाज यांची सांगडच बसत नाहीये, हे आधी तपासायला हवं. एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा) आणि डिस्लेक्सिया (अक्षर-आवाजाची सांगड न बसल्याने वाचन अडणं) बरेचदा एकाच मुलात असतात, आणि एडीएचडीच्या औषधाने लक्ष टिकलं तरी अक्षरओळख आपोआप येत नाही, ती वेगळी शिकवावीच लागते. आमच्या मुलाला एखादा लांब जोडाक्षरी शब्द फोडता फोडता वाक्याची सुरुवातच आठवायची नाही. आम्ही त्याला आळस म्हणत होतो, आता लाज वाटते.

मग पाच-सात मिनिटांचे तुकडे केले. एक ओळ मी, एक ओळ तो. खालच्या ओळी कोऱ्या कागदाने झाकायच्या. विज्ञानाचा धडा मात्र मीच वाचून दाखवायचे, कारण समज चांगली होती, अडचण फक्त वाचण्याची होती. बाईंनी वर्गात अचानक उठवून वाचायला सांगणं बंद केलं, त्याने सगळ्यात जास्त फरक पडला.

आणि हो, डोळे-कान आधी तपासून घ्या. आम्हाला ते फार उशिरा सुचलं.