आठ गट, सात मिनिटे

पार्क चौकाजवळच्या आमच्या कट्ट्यावर सध्या एकच विषय चालू आहे. 10 डिसेंबरच्या मानवी हक्क दिनाच्या सुमारास सोलापुरात एक कला महोत्सव भरवावा, त्यात चित्रे आणि लघुपट असावेत आणि शेवटची संध्याकाळ निरनिराळ्या भाषांतील गायक-वादकांना द्यावी, अशी कल्पना आमच्यातील वकीलसाहेबांनी मांडली. कल्पनेला कोणाचाच विरोध नव्हता. वाद पेटला तो त्यांनी खिशातून काढलेल्या कार्यक्रमपत्रिकेवरून, कारण तीत तेलुगू भजनापासून मारवाडी लोकगीतांपर्यंत आठ गट होते आणि प्रत्येकाच्या नावापुढे सात मिनिटे असा आकडा होता.

“काय बे वकील, शाळेचे गॅदरिंग आहे का हे?” अण्णांनी विचारले. अण्णा पूर्व भागातले, घरात तेलुगू बोलणारे आणि उभे आयुष्य यंत्रमागावर काढलेले. त्यांचे म्हणणे असे, की अशा कार्यक्रमांत त्यांच्या मंडळींना बोलावतात ते रंगीत कपड्यांसाठी. दोन कडवी होतात न होतात तोच सूत्रसंचालक टाळ्यांचे आवाहन करतो, विविधतेतील एकतेवर चार वाक्ये बोलतो आणि पुढच्या गटाला हाक मारतो. गाणे कशाविषयी होते हे विचारण्याची गरज त्याला कधीच वाटत नाही.

वकीलसाहेबांनी आपली बाजू पद्धतशीर मांडली. रात्री दहानंतर मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक चालत नाही. ज्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत मिळते, ते सगळे सणावारांत खर्ची पडतात. तेव्हा हातात तीन तास, त्यात दीपप्रज्वलन आणि मान्यवर, आणि उरलेल्या वेळाची सर्वांना सारखी वाटणी. मानवी हक्कांच्या व्यासपीठावर एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी वेळ दिला, तर लोक काय म्हणतील, हा त्यांचा प्रश्न होता. शिवाय न कळणाऱ्या भाषेतील गाणे लोक सात मिनिटांपलीकडे ऐकणार नाहीत, असेही त्यांनी जोडून दिले.

या शेवटच्या मुद्द्यावर मास्तर बोलले. 1 ऑगस्ट 1971 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशी निर्वासितांसाठी जी मैफल झाली, तिची सुरुवात रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखा यांच्या वादनाने झाली होती. श्रोत्यांनी नुसती वाद्ये जुळवण्यालाच वादन समजून टाळ्या वाजवल्या. रविशंकरांनी त्यावर हसत कोपरखळी मारली आणि मग धून सवडीने, पूर्ण वाजवली. रॉक ऐकायला आलेल्या त्या गर्दीने ती ऐकूनही घेतली. “तिथे त्यांना सात मिनिटांची चिठ्ठी कोणी दिली नव्हती,” मास्तर म्हणाले. वकीलसाहेब म्हणाले, की सोलापुरात रविशंकर येणार नाहीत. हेही खरेच होते.

आमचा साउंडवाला मित्र सहसा गप्प बसतो. पण त्या दिवशी त्याने जे सांगितले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. हलगीचे कातडे थंडीत सैल पडते. वाजवणारा ती आधी जाळावर धरतो, बोटाने टिचकी मारून पाहतो, पुन्हा धरतो आणि टणक आवाज निघाल्याशिवाय टिपरीला हात लावत नाही. डिसेंबरच्या रात्री एवढ्यातच तुमची सात मिनिटे संपतात, आणि कार्यक्रम नाट्यगृहात घेतला तर तिथे जाळ पेटवू देत नाहीत. कव्वालीचे तर विचारूच नका: आलाप, शेर, मग मूळ ओळीवर येणे आणि टाळीची लय हळूहळू चढवणे. सातव्या मिनिटाला तिथे पेटीवाला जेमतेम सावरून बसलेला असतो. मग सूत्रसंचालकाच्या खुणा पाहून कलाकार काय करतात, तर आपल्या परंपरेतले सर्वांत उथळ, सर्वांत लवकर टाळ्या घेणारे तेवढे पुढे करतात. वाटणी सारखी झाली, तरी ऐकायला मिळाले ते कोणाचेच खरे गाणे नव्हे. वकीलसाहेबांच्या समतेतील गफलत इथेच आहे, असे माझे मत आहे.

आणि गावाला बहुभाषिकता शिकवण्याची गरज तरी कुठे आहे? आमचे ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडमध्ये आहेत. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या आमच्या चार हुतात्म्यांची नावे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा अशी आहेत. ती वाचल्यावर निराळी यादी करावी लागत नाही. राहून गेले आहेत ते सेटलमेंटमधले लोक. 1871 च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांना याच शहरात काटेरी तारेच्या आत ठेवले होते. तो कायदा 1952 मध्ये गेला, वस्तीला चिकटलेले नाव मात्र अजून गेलेले नाही. मानवी हक्कांचा महोत्सव सोलापुरात होणार आणि वकीलसाहेबांच्या आठ गटांत त्या वस्तीतले एकही नाव नसणार, हे मास्तरांनी दाखवून दिले तेव्हा वकीलसाहेबांनी निमूटपणे पेन काढले.

प्रायोजकांवर फारसा वाद झाला नाही. 1988 मध्ये मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याला चाळीस वर्षे झाली म्हणून ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने जगभर मैफली केल्या, सेनेगलचा गायक युसू एन्दूर याच्यासह सगळे कलाकार दिल्लीलाही येऊन गेले, आणि त्या दौऱ्याचा मोठा खर्च एका बूट कंपनीने उचलला होता. आम्हाला चादरवाला मिळाला तरी चालेल, यावर एकमत झाले.

खरी खडाजंगी मानधनावर झाली. पत्रिकेच्या मागे खर्चाचा अंदाज होता: मंडप, ध्वनी, प्रकाश, पाहुण्यांचा प्रवास, आणि कलाकारांपुढे शाल व श्रीफळ. अण्णांनी तो कागद मोठ्याने वाचला. मंडपवाल्याला पैसे आणि गाणाऱ्याला नारळ का, या त्यांच्या प्रश्नावर वकीलसाहेब सेवाभावाविषयी बोलू लागले. तेव्हा मास्तरांनी त्यांना त्यांचाच जाहीरनामा ऐकवला. सत्ताविसाव्या कलमाचा पहिला भाग सांस्कृतिक जीवनात सहभागाचा हक्क देतो, तो सगळे भाषणात सांगतात. दुसरा भाग कलाकृतीच्या निर्मात्याच्या नैतिक आणि भौतिक हितसंबंधांना संरक्षण देतो, तो कोणी सांगत नाही. तेविसाव्या कलमात तर कामाचा न्याय्य मोबदला सरळच लिहिला आहे. हलगीवाला त्या रात्री लग्नाची सुपारी सोडून येणार असेल, तर त्याला निदान तेवढे पैसे द्यायलाच हवेत, आणि तेही कार्यक्रमाच्या आधी.

शेवटी ठरले ते असे: दीपप्रज्वलन रद्द, गट चार, प्रत्येकी पाऊण तास, गाण्याआधी त्या त्या कलाकाराने स्वतःच त्याचा अर्थ सांगायचा, हलगीसाठी मोकळे मैदान, आणि खर्चाच्या कागदावर पहिली ओळ मानधनाची. पैकी एक गट सेटलमेंटचा, यावर कोणी हरकत घेतली नाही. उरलेले तीन कोणते, हे मात्र ठरायचे आहे; आणि अण्णांनी आपल्या भजनी मंडळाचे नाव तिथे आधीच लिहून टाकल्यामुळे ते एवढ्यात ठरेल असे दिसत नाही.