तह झाला, मग पुढे काय?

रविवारी आमच्या वाचनगटात भांडण झालं. चहा निवून गेला तरी कोणाचं लक्ष नाही, असं भांडण. विषय होता हॅरी टर्टलडव्हची परग्रहवासीयांच्या स्वारीची मालिका, आणि त्यातही तिचा पुढचा भाग, 'सेकंड कॉन्टॅक्ट'. सहापैकी चौघांचं मत पडलं की हा भाग फसला. दुसऱ्या बाजूला मी आणि अकरावीतली एक मुलगी. तिथे मला धड बोलता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. कथेतलं बरंच काही उघड होणार आहे, तेव्हा ज्यांना कोरं वाचायचं असेल त्यांनी इथेच थांबावं.

मालिका ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात. मूळचे खंड चार, पहिला १९९४ चा. दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, १९४२ मध्ये, सरड्यांसारख्या प्राण्यांचं आरमार पृथ्वीवर येऊन धडकतं. स्वतःला ते नुसतं 'द रेस' म्हणवतात. त्यांच्या टेहळणी यानाने आठशे वर्षांपूर्वी इथे घोड्यावरचे चिलखती भालाईत पाहिलेले. त्यांच्या स्वतःच्या जगात बदल इतका संथ की आठशे वर्षांत या लोकांचं काय पालटणार, असा त्यांचा हिशेब. येऊन बघतात तर रणगाडे, विमानं, रेडिओ. एकमेकांच्या जिवावर उठलेले जर्मन, रशियन, ब्रिटिश, अमेरिकन आता या नव्या शत्रूशी लढायला लागतात. दोन वर्षं रक्तपात, मग १९४४ मध्ये तह. अमेरिका, रशिया, जर्मनी स्वतंत्र राहतात, ब्रिटन आणि जपानही कसेबसे तगतात. उरलेलं बरंचसं जग सरड्यांच्या ताब्यात. भारतसुद्धा.

या चार खंडांबद्दल गटात दुमत नव्हतं. नारळीकरांनी पानिपताचा निकाल फिरवून दाखवल्यापासून 'असं झालं असतं तर' हा खेळ मराठी वाचकाला नवा राहिलेला नाही, त्यामुळे सगळे पहिल्या पानापासून आत शिरले होते. भांडण लागलं ते १९९९ च्या 'सेकंड कॉन्टॅक्ट'वरून. त्यातली गोष्ट १९६२ मध्ये सुरू होते. आता येतं ते दुसरं आरमार, वसाहत करणाऱ्यांचं. यात सैनिक नाहीत, साधी माणसं आहेत. म्हणजे साधे सरडे. ग्रह जिंकून तयार असेल या भरवशावर गोठवून झोपवलेले, आणि जाग आल्यावर कळतं की अर्धं घर अजून दुसऱ्याच्याच ताब्यात आहे. तेवढ्यात कोणीतरी अणुबॉम्ब टाकून त्यांची काही जहाजं जाळतं. कोणी, ते लवकर कळत नाही.

आमच्या गटातले निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, ते वैतागून म्हणाले, "अजी, तीनशे पानं झाली, काहीच होऊन नाही राहिलं! नुसत्या बैठका, नुसतं बोलणं. लढाई कुठं आहे?"

सरांबद्दल मला आदर आहे. ते इतिहास शिकवायचे, आणि म्हणूनच मला त्यांचं हे म्हणणं पटत नाही. सर, आपण ज्या गावात बसून हे बोलतो त्या गावाची गोष्ट बघा. भोसले आणि इंग्रजांची सीताबर्डीची लढाई झाली १८१७ च्या नोव्हेंबरात, २६ आणि २७ तारखेला. दोन दिवसांचा मामला. किल्ल्याची टेकडी आजही गावाच्या मधोमध आहे, २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला आपण पोरांना घेऊन वर जातो. पण त्या दोन दिवसांत नागपूर गेलं का? नाही. आप्पासाहेब भोसले गादीवरून गेले, तिथे दहा वर्षांचे तिसरे रघुजी बसले, आणि कारभार इंग्रजांचा रेसिडेंट जेन्किन्स बघू लागला. नावाला भोसल्यांचं राज्य १८५३ पर्यंत होतं. रघुजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने ते कागदावर खालसा करून टाकलं. मधली छत्तीस वर्षं. सारा कोण ठरवतो, दरबारात कोणाला खुर्ची मिळते, कोणाची पोरं कोणाची भाषा शिकायला लागतात, हे सगळं त्या छत्तीस वर्षांत ठरलं. शाळेच्या पुस्तकात लढाईला पान मिळतं आणि त्या काळाला एक ओळ. टर्टलडव्हने ती ओळ फोडून पुस्तक लिहिलं, म्हणून मला ते मोलाचं वाटतं.

आता अद्रकचं. मालिकेतली मला सगळ्यात आवडलेली कल्पना हीच. आपली साधी सुंठ या सरड्यांना नशा चढवते, अफूपेक्षा वाईट. चिमूटभर हातावर घ्यायची, जिभेने चाटायची, घटकाभर आपण सर्वज्ञ झालो असं वाटायचं आणि मग खोल खड्ड्यात कोसळायचं. पहिल्या चार खंडांत हे सैनिकांपुरतं असतं. पुढच्या भागात वसाहतीसोबत माद्या येतात आणि चित्र फिरतं. त्यांच्यात विणीचा हंगाम ठरलेला. एरवी नर-मादी एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत, त्यांची सगळी शिस्त त्यावरच उभी. मादीने सुंठ चाटली की हंगाम नसताना ती माजावर येते, आणि त्या वासाने कचेरीतले, रस्त्यावरचे नर कामधाम सोडून धावतात. हजारो वर्षांची व्यवस्था एका मसाल्यापुढे ढासळते. बंदी येते, शिक्षा येतात, चोरटा व्यापार तरीही चालूच. इंग्रजांनी चीनला अफू विकली. इथे जिंकले गेलेलेच जिंकणाऱ्यांना व्यसन लावतात.

हे बोलणं चालू असताना ज्यांच्याकडे बसलो होतो त्या काकू स्वयंपाकघरात खलबत्त्यात अद्रक ठेचत होत्या. ठकठक आवाज आणि पाठोपाठ तो तिखट, ओला वास बैठकीत आला. अकरावीतली पोरगी बोलता बोलता थांबली, म्हणाली, "याच वासानं त्यांचं राज्य बुडून राहिलं ना?" मला ते एकदम अंगावर आलं. आपण रोज दोनदा चहात टाकतो ती वस्तू.

वसाहतवाले आपली जनावरंही घेऊन येतात, पुढच्या भागांत ती मोकाट सुटतात आणि रान फस्त करतात. आमच्यातल्या काटोलकडच्या शेतकरी मित्राला हे लगेच पटलं. परदेशी गव्हाबरोबर आलेलं म्हणतात ते गाजरगवत आणि तलावाकाठचं बेशरम उपटून त्याच्या बापाचं आयुष्य गेलंय.

पण पुस्तकाचं काळीज मला विचाराल तर ते कॅस्क्विटमध्ये आहे. चीनमधून तान्हेपणी उचललेली मुलगी. टोमालस नावाचा एक सरडा संशोधक तिला अंतराळयानात वाढवतो, माणसाचं पोर पहिल्यापासून सरड्यांत वाढलं तर काय होतं ते बघायला. तिला फक्त त्यांची भाषा येते. डोकं तासलेलं, कपड्यांऐवजी अंगावर त्यांच्यासारखे रंगाचे पट्टे. आपल्याला शेपटी नाही, डोळे चारी दिशांना फिरत नाहीत, याची तिला लाज वाटते. सम्राटाचं नाव निघालं की तीही त्यांच्यासारखी नजर खाली करते, मनापासून. आणि तरी ते तिला आपली मानत नाहीत. तिच्यावर मारहाण नाही, उपासमार नाही, टोमालस त्याच्या परीने तिची काळजीच घेतो. म्हणून जास्त त्रास होतो. तिकडे अमेरिकेत येगर कुटुंब दोन सरड्यांची पिल्लं घरात वाढवतं, मिकी आणि डोनाल्ड अशी नावं ठेवून, लाडाने. लेखक दोन्ही घरं समोरासमोर ठेवतो आणि कोणालाही सोडत नाही.

मी कॅस्क्विट वाचली तेव्हा माझी मुलगी शेजारी पाढे म्हणत होती. 'टू टू जा फोर.' मी पुस्तक मिटलं आणि तिला बे एके बे म्हणून दाखवलं. तिने हसून विचारलं, "बाबा, ही कोणती भाषा?" यावर जास्त लिहीत नाही.

आता माझी तक्रार. पुनरुक्तीबद्दल गटातले सगळे बोलले आणि ते खरंच आहे. एखाद्या पात्राची सवय लेखक दहादा सांगतो, वाचक विसरलाच असेल असं धरून. पात्रांची गर्दीही फार. पण मला लागलं ते वेगळं. एवढ्या मोठ्या मालिकेत भारत जवळपास गप्प आहे. कराराच्या टेबलावर आपण नाही हे मी समजू शकतो. १९३९ मध्ये व्हाइसरॉयने आपल्याला न विचारताच आपल्या वतीने युद्ध पुकारलं होतं, तेव्हा खरोखरही आपल्याला खुर्ची नव्हती. पण १९४२ सालीच या भूमीवर काय चाललं होतं! वर्ध्याला १४ जुलैला काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी निघून जावं असा ठराव केला. गांधीजी सेवाग्रामला, इथून गाडीने दोन तासांवर. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, विदर्भातलं चिमूर इंग्रजांविरुद्ध पेटलं. त्या वर्षी साहेबाच्या जागी सरडा आला असता तर चिमूरच्या लोकांनी काय केलं असतं? सत्याग्रह कोणापुढे? ज्यांना माणूस म्हणजे एक रानटी जात वाटते, त्यांच्यापुढे उपोषणाला बसून काय झालं असतं? आणि वीस वर्षांनी, वसाहतवाले उतरताना, चिमूरला कोणती पिढी उभी असती?

शिवाय या सरड्यांना ऊन प्रिय. थंडीत ते गारठतात, वाळवंटात खुलतात. मग ते उतरून घरं बांधणार कुठे? नवतपा लागला की पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या आमच्या गावाइतकी जागा त्यांना दुसरी कुठली? आम्ही कूलरमध्ये पाणी भरत असतो तेव्हा ते नागपूरच्या जुन्या महाल भागाच्या गल्ल्यांतून आरामात फिरले असते. आमच्याकडचं एक तरी प्रकरण त्या पुस्तकात हवं होतं. लेखकाला ते जमलं असतं असं वाटतं, म्हणून तर राग येतो.

काल रात्री सरांचा फोन आला. ते पुस्तक पुन्हा सुरुवातीपासून वाचायला घेतलंय म्हणाले. मग हळूच विचारलं, "जहाजं कोणी जाळली ते सांगून टाका ना जी." मी सांगितलं नाही. ते मालिकेच्या नंतरच्या भागात, 'आफ्टरशॉक्स'मध्ये कळतं, आणि कळल्यावर मला दोन दिवस दुसरं काही वाचवेना.

माझी 'सेकंड कॉन्टॅक्ट'ची प्रत सध्या सरांकडे आहे. त्यांच्यानंतर कोणाला हवी असेल तर इथे लिहा. आणि विदर्भातल्या १९४२ वर अशी कादंबरी लिहायचं कोणाच्या मनात असेल, तर चिमूर-आष्टीची जी काही पुस्तकं माझ्याकडे आहेत ती आनंदाने देईन. परत मागणार नाही.