हेरिटेज ट्रेल काढायचीच तर थाळनेरहून काढा

खान्देशात हेरिटेज ट्रेलचा विषय निघाला की गाडी थेट बऱ्हाणपूर-अशीरगडला जाऊन थांबते. बघण्यासारखं आहेच तिथं, वाद नाही. पण ज्यानं खान्देशचं राज्य उभं केलं तो मलिक राजा फारुकी आपल्या शिरपूर तालुक्यात, थाळनेरला, तापीकाठी पुरलेला आहे. धुळ्यात कुणालाही सांगून बघा. अहिराणीत उत्तर ठरलेलं: "तठे काय शे भो?" (तिथं काय आहे, भाऊ?)

काय शे ते सांगतो. १३७० साली फिरोजशहा तुघलकानं या माणसाला थाळनेरची जहागीर दिली. शिकारीत वाट चुकलेल्या, भुकेल्या सुलतानाला यानं जेवू घातलं म्हणून त्याचं नशीब फळफळलं, अशी फिरिश्ता या जुन्या इतिहासकाराची कथा. खरी-खोटी देव जाणे, पण ट्रेलवर सांगायला झकास! पुढं बागलाणच्या राजाला नमवून खंडणी घेतली, दिल्लीला हत्ती पाठवले, आणि दिल्ली ढिली पडल्यावर गडी स्वतंत्र झाला. १३९९ मध्ये वारला.

तिथं गेलात तर फारुकींच्या कबरींचे घुमट दिसतात. त्यातली एक वास्तू अष्टकोनी. बाहेरच्या दगडावरचं नक्षीकाम हात लावून बघावंसं वाटतं. मी गेलो तेव्हा भोवती बाभळी माजलेल्या, आणि कुठली कबर कुणाची ते सांगणारं कुणी नाही. शेवटी शेळ्या चारणाऱ्या एका बाबांनीच वाट दाखवली.

ट्रेलचा दुसरा थांबा लळिंग. मुंबई-आग्रा महामार्गावरून किल्ला रोज हजारो लोक बघतात, चढतात मोजकेच. मलिक राजानं थोरल्या मुलाला, नासीरला, लळिंग दिलं, धाकट्याला थाळनेर. पुढं काय झालं असेल हे वाटणीवरून भांडणाऱ्या कुठल्याही घराला कळेल. १४१७ मध्ये नासीरनं माळव्याची मदत घेऊन धाकट्याकडून थाळनेर काढून घेतलं. आसा अहिराचा अशीरगडही त्यानंच कपटानं घेतला. डोल्यांत बायकांच्या जागी शिपाई बसवले होते म्हणतात.

"फारुकी आपला कोण?" असं कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच. अरे, त्याच थाळनेरच्या किल्ल्यात १८१८ मध्ये होळकरांचा किल्लेदार तुळशीराम इंग्रजांना नडला, दारात त्यांचे अधिकारी पडले, आणि इंग्रज सेनापती हिस्लॉपनं त्याला फासावर दिलं. त्याचं नाव तरी आपल्याला कुठं ठाऊक आहे? दोघांनाही आपण सारखंच विसरलोय. लळिंगच्या पायथ्याचा लांडोर बंगलाही याच वाटेवर आणा, तिथं १९३७ साली बाबासाहेब राहिले होते.

यासाठी कोटींचा निधी नको, पुतळा तर अजिबात नको. बाभळी तोडा, मराठीत नीट फलक लावा, आणि थाळनेरच्याच पोरापोरींना माहिती सांगायला शिकवून त्याचे पैसे द्या. अहिराणीत सांगितलं तर आणखी मजा. सकाळी थाळनेर, दुपारनंतर लळिंग, एका दिवसात आरामात होतं. फक्त उद्घाटन एप्रिल-मेमध्ये ठेवू नका, आपलं ऊन पाहुण्यांना झेपायचं नाही.